बॅकअप आहे म्हणू नका, उघडून दाखवा



आमच्या कुठल्याही बॅचमध्ये पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतो. आज रात्री तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर बंद पडला, तर उद्या सकाळी दुकान कसं चालवाल? बहुतेक जण लगेच म्हणतात, "सर, बॅकअप आहे ना!"

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. तो बॅकअप शेवटचा उघडून कधी बघितला होता? इथं मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

म्हणून आज माझं मत सरळ सांगतो. जो बॅकअप तुम्ही एकदाही परत उघडून बघितलेला नाही, तो बॅकअप नाही. ती नुसती समजूत आहे. आणि समजुतीवर धंदा चालत नाही.

हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं. एका मॅग्नेटिक टेपनं शिकवलं, आणि त्या शिकवणीची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली. ती गोष्ट सांगतो, पण आधी टेप म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू.

टेप म्हणजे काय प्रकार?

तुमच्या घरात गाण्यांच्या कॅसेट होत्या ना? तोच प्रकार. प्लॅस्टिकची लांब पट्टी, तिच्यावर चुंबकीय थर, आणि त्यात गाण्याऐवजी कॉम्प्युटरचा डेटा. शेवटचं गाणं ऐकायचं तर कॅसेट पुढं पळवावी लागायची, तसंच इथंही. मधली एक फाइल हवी असली तरी टेप तिथपर्यंत गुंडाळत न्यावी लागते. म्हणून टेपवरून डेटा परत काढणं हे सावकाशीचं काम.

"आता कोण वापरतंय हे?" असं म्हणू नका. मोठ्या बँका, संशोधन संस्था, सिनेमा कंपन्या आजही टेप वापरतात. एलटीओ नावाची टेप २००० साली आली तेव्हा एका टेपमध्ये १०० जीबी मावायचे. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी मावतात, म्हणजे १८० पट. कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही. आणि ती मशीनमध्येच नसल्यामुळं व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही, कुणाच्या चुकीच्या बटणानंही ती पुसली जात नाही. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

माझ्या हातून गेलेली टेप

बीबीए झाल्यावर मी इचलकरंजीत कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान टाकलं. २०१६ साली एका सूत व्यापाऱ्यांकडून निरोप आला. भागीदारीची जुनी पेढी, दोन भाऊ. धाकटा भाऊ वारलेला, आणि वाटणीची बोलणी चाललेली. धाकट्यानं २००६ साली पेढीला स्वतःचे ६ लाख रुपये उसने दिले होते. थोरले म्हणत होते, ते मार्चमध्ये परत केले. वहिनी म्हणत होत्या, आमच्या घरी एक रुपया आला नाही.

कागदी वह्या रद्दीत गेलेल्या. बँकेचे जुने उतारे नाहीत. तो कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेलेला. पण पेढीचे दिवाणजी शिस्तीचे. त्यांनी दर महिन्याअखेर सगळ्या हिशेबाचा टेपवर बॅकअप घेतला होता. लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या डब्यात सहा टेप, एकेका आर्थिक वर्षाची एकेक. प्रत्येकीवर शाईनं वर्ष लिहिलेलं. डीडीएस-४ जातीच्या, ऑडिओ कॅसेटहूनही लहान. मला तर हातात सोनं आल्यासारखं वाटलं.

आता अडचणी बघा. टेप आहे, पण ती वाचणारी ड्राइव्ह नाही. ती मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड मिळाली. ड्राइव्ह आहे, पण ती जोडायला स्कझी कार्ड लागतं आणि नव्या कॉम्प्युटरला ते बसत नाही, म्हणून जुना कॉम्प्युटर शोधला. बॅकअप विंडोज २००३ मधल्या सोयीनं घेतलेला, आणि पुढच्या सर्व्हर २००८ मध्ये टेपवर बॅकअप घ्यायची सोयच काढून टाकलेली. म्हणून जुनी विंडोज टाकली. त्यानंतर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. तिचा पासवर्ड दिवाणजींना पाठ होता, हे आमचं नशीब.

एवढी जुळवाजुळव झाली आणि मी घाई केली. मंडळी, ही चूक माझी आहे. सहा टेपमधली बिनकामाची एखादी आधी घालून ड्राइव्ह तपासायला हवी होती. हेड साफ करायची कॅसेट फिरवायला हवी होती. २००६-०७ च्या टेपवर एप्रिलपासूनचे बारा बॅकअप एकामागून एक होते; ते पहिल्यापासून क्रमानं कॉपी करत जायला हवं होतं. मी काय केलं? थोरले शेठ आणि वहिनी दोघंही दुकानात बसलेले, त्यांच्यासमोर शायनिंग मारायला तीच टेप पहिली घातली आणि थेट मार्चच्या बॅकअपवर पळवली.

टेप पळाली, थांबली, आणि आतून कागद चुरगाळल्यासारखा आवाज आला. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ड्राइव्हच्या आतले रबरी रोलर कडक झालेले. ड्राइव्हनं टेप खाल्ली.

पुढं ती टेप मुंबईच्या एका डेटा रिकव्हरी लॅबकडे पाठवली. त्यांनी ती हातानं सोडवली, खराब तुकडा बाजूला काढला, जोड दिला, आणि डिसेंबरपर्यंतचे नऊ महिने वाचून दिले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने चुरगाळलेल्या भागात गेले. डिसेंबरच्या खात्यात धाकट्या भावाच्या नावावर ६ लाख जमा स्पष्ट दिसत होते. मार्चमध्ये ते परत गेले की नाही, हे सांगणारं पान माझ्या ड्राइव्हनं खाल्लं होतं. पुढच्या वर्षाच्या टेपवरून आरंभीची शिल्लक तरी मिळेल म्हणून तीही लॅबला दिली, तर ती कोरी निघाली. दिवाणजींनी त्या वर्षी दर महिन्याला इमानदारीनं टेप घातली होती. ड्राइव्ह तेव्हाच बिघडलेली होती आणि टेपवर काहीच उतरत नव्हतं. कुणाला कळलंच नाही, कारण परत वाचून कुणी बघितलं नव्हतं.

शेवटी नातेवाइकांनी मध्ये पडून ३ लाखांवर मिटवलं. शेठ खरं बोलत असतील तर त्यांना ३ लाखांचा फटका बसला. वहिनी खरं बोलत असतील तर त्यांना. कोण खरं, हे मला आजही माहीत नाही. मी कामाचे पैसे घेतले नाहीत, लॅबचं बिलही मीच भरलं. पण ती भरपाई झाली असं मला वाटत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं, पण ते तयारीत असतात

यानंतर मी टेपवरून डेटा परत काढण्याच्या गोष्टी शोधून शोधून वाचायला लागलो. त्यातल्या तीन तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली गूगलची. मार्च २०१२ मध्ये गूगल म्युझिकच्या एका ग्राहकानं तक्रार केली की माझी काही गाणी वाजतच नाहीत. शोध घेतला तर काय, वापरात नसलेली गाणी पुसणाऱ्या त्यांच्याच प्रोग्रामनं चुकीची गाणी पुसली होती. सुमारे ६ लाख गाणी, २१ हजार ग्राहकांची! जगभर पसरलेली डेटा सेंटर असूनही गाणी गेली. का? कारण चूक सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि सॉफ्टवेअर सगळ्या चालू प्रतींपर्यंत पोचतं. वाचल्या त्या फक्त टेप, कारण त्या मशीनबाहेर होत्या. मघाशी सांगितलेला गुण तो हाच.

मग दूरच्या गोदामातून ५ हजारांहून जास्त टेप ट्रकनं आणल्या आणि माणसांनी हातानं ड्राइव्हमध्ये भरल्या. त्यात १७ टेप खराब निघाल्या. पण एखादी टेप खराब निघणारच हे धरून आधीच जादा तरतूद केलेली होती, त्यामुळं काही अडलं नाही. ६ लाखांपैकी साधारण ४ लाख ३६ हजार गाणी टेपवर सापडली. उरलेली टेपवर जायच्या आधीच पुसली गेली होती. त्यातली बरीचशी दुकानातून घेतलेली होती, त्यांच्या मूळ प्रती शाबूत होत्या, म्हणून तीही परत देता आली.

यात शिकण्यासारखं काय? गूगलकडे टेप होत्या, हे तर आहेच. पण त्यांच्यात संकट आलंय असं समजून ठरवून सराव करायची पद्धत आहे. कुठली टेप कुठं, किती वेळ लागेल, एखादी खराब निघाली तर काय, याचा विचार आधीच झालेला असतो. माझ्याकडे सहाच टेप होत्या आणि सराव शून्य.

दुसरी गोष्ट सिनेमाची. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कुणीतरी एक चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइली डोळ्यांदेखत गायब व्हायला लागल्या. जवळजवळ ९० टक्के सिनेमा गेला. "बॅकअप काढा" म्हणाले, तर कळलं की महिनाभर बॅकअप नीट होतच नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुझमन या बाईंमुळं. त्या बाळंतपणामुळं घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून जपून आणला. म्हणजे एवढ्या मोठ्या स्टुडिओला तारलं ते घरी पडलेल्या एका जादा प्रतीनं. आपल्याकडे तशी प्रत आहे का?

तिसरी चंद्राची. १९६६-६७ मध्ये नासानं चंद्राभोवती पाच लुनार ऑर्बिटर यानं पाठवली, अपोलोच्या उतरण्याची जागा शोधायला. त्यांनी पाठवलेले फोटो सुमारे दीड हजार टेपवर साठवले होते. टेप टिकल्या, पण त्या वाचणारी ॲम्पेक्स कंपनीची अवाढव्य यंत्रं जगातून जवळपास संपली. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी ती यंत्रं भंगारात जाऊ दिली नाहीत. वर्षानुवर्षं घरच्या गॅरेजमध्ये सांभाळली. पुढं डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी ती कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात आणली, आणि तिथल्या बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या जागेत ठेवून दुरुस्त केली. नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचा १९६६ चा फोटो नव्यानं बाहेर आला, आधी कधी दिसला नव्हता इतका स्वच्छ.

नुसती टेप सांभाळून उपयोग नाही, ती वाचणारं यंत्रही सांभाळावं लागतं. तुमच्या कपाटातल्या सीडी आठवा. त्या घालायला आज तुमच्या लॅपटॉपला खाच आहे का?

मग आपण टेप घ्यायची का?

नाही. स्पष्ट सांगतो, घेऊ नका. नवी एलटीओ ड्राइव्ह काही लाखांना पडते, आणि किराणा, कापड, मेडिकल, मोबाइल असल्या दुकानाचा सगळा डेटा एका पेनड्राइव्हमध्ये मावतो. यूट्यूबवर बघून मोठ्या कंपनीचं मशीन आणलं म्हणून आपण मोठी कंपनी होत नाही. त्यांच्याकडून मशीन नको, शिस्त घ्या. ती फुकट आहे.

मी माझ्या दुकानात काय करतो ते सांगतो.

१. तीन जागी डेटा. एक दुकानातल्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. माझी तिसरी डिस्क बहिणीकडे असते. २०१९ च्या पुरात आमच्या पंचगंगेकाठी आणि सांगलीत किती दुकानं पाण्यात गेली, सगळ्यांनी बघितलंय. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच टेबलावर असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात.

२. बॅकअप झाला की डिस्कची वायर काढायची. टेपचा मोठा गुण हाच. डिस्क चोवीस तास जोडलेली असेल तर व्हायरस कॉम्प्युटरसोबत तीही कुलूपबंद करतो.

३. डिस्कवर चिठ्ठी चिकटवायची. तारीख, कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती, आणि पासवर्ड कुणाला माहीत आहे त्याचं नाव. चिठ्ठीवर पासवर्ड नको, माणसाचं नाव. आमच्या त्या कामात दिवाणजी नसते तर टेप हातात असून काही झालं नसतं.

४. दर तीन-चार वर्षांनी डेटा नव्या डिस्कवर उतरवायचा, आणि सॉफ्टवेअर बदललं तर जुना हिशेब नव्यात उघडतोय का ते तेव्हाच बघायचं. दहा वर्षांनी यंत्र शोधत फिरायचं नाही.

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एका रविवारी अर्धा तास. दुसरा एखादा लॅपटॉप घ्या, घरातल्या पोरांचा चालेल. त्यावर बॅकअप रिस्टोअर करा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर करू नका, चालू डेटावर जुना बसला तर दुसरंच संकट. मग तीन गोष्टी जुळवा: शेवटच्या बिलाचा नंबर, एका उधारीवाल्याची बाकी, आणि मागच्या महिन्याची एकूण विक्री. तिन्ही जुळल्या तर तुमच्याकडे बॅकअप आहे. एक जरी जुळली नाही तर नाही. किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा.

खर्च म्हणाल तर दोन हार्ड डिस्कचे पैसे, बस्स. दुकानाच्या पाटीला आपण याहून जास्त घालवतो.

"पण सर..."

"सर, माझा डेटा क्लाउडवर आहे." चांगलंय, ठेवाच. पण नुसतं सिंक चालू असेल तर इथं पुसलेली फाइल तिथंही पुसली जाते. गूगलच्या गोष्टीत हेच झालं की. जुनी प्रत किती दिवस मागं जाऊन मिळते, हे आजच तपासा.

"सर, सगळं सीएकडे असतं." सीएकडे तुमची रिटर्न असतात. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी आहे, हे त्यांच्याकडे नसतं. आणि जीएसटीच्या कायद्यानं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, सीएची नाही.

"सर, एवढं सगळं बघायला वेळ कुठाय?" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. त्या दिवाणजींनी सहा वर्षं दर महिन्याला वेळ काढून टेप घातली. माणूस आळशी नव्हता, कामचुकार तर अजिबात नव्हता. त्यांचं फक्त एक काम राहिलं, टेप परत वाचून बघायचं. तेवढं वर्षातून एकदा जरी झालं असतं, तर कोरी टेप त्याच वर्षी सापडली असती आणि दोन घरांतला संशय त्याच वर्षी मिटला असता.

थोरले शेठ अजून दुकानात येतात, राम राम होतो. वहिनींनी मुलाचं पहिलं बिलिंग मशीन माझ्याकडूनच घेतलं. पैसे देताना म्हणाल्या, "भाऊ, यातला हिशेब तरी नीट राहील ना?" मी त्यांना हो म्हणालो नाही. म्हणालो, "वहिनी, दर महिन्याला मी येऊन तुमच्यासमोर उघडून दाखवतो." आजही जातो.

तर मंडळी, हा लेख वाचून झाला की पुढचा व्हिडिओ लावू नका. कपाटातली डिस्क काढा, दुसरा लॅपटॉप घ्या आणि रिस्टोअर करून बघा. तिन्ही आकडे जुळले का, ते मला कळवा. नाही जुळले तर आधी कळवा.